अधिक दोन तास

ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीवर जेवढे म्हणून पूल आहेत, त्या सगळ्यांची पोटं खालून पाहिलेला आणि त्यांची मापं तोंडपाठ असलेला दुसरा माणूस मला आणून दाखवा, मी हातातल्या पाटल्या उतरवून देईन. पूल वरून काय, सगळेच बघतात. आमच्या वन्संच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भावजींनी, आयुष्यभर पूल खालूनच पाहिले. रिक्षातून पुलावरून जायची वेळ आली तर ते चक्क डोळे मिटून बसतात. एकदा मी विचारलं, "भावजी, भीती वाटते का हो?" तर म्हणाले, "छे, वहिनी! इथून बघण्यासारखं आहे काय? वरची बाजू माणसांसाठी असते. खरा पूल खाली असतो."

भावजी कोलशेतच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर कागदावर रेघा मारायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत खाडीकडे तोंड करून डबा खायचा. त्या डब्याच्या वेळी त्यांची ओळख झाली किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या एका कोळीणबाईंशी. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. मावशींच्या घरची एक जुनी, लहानशी होडी उलटी पडलेली होती. भावजींनी ती मागून घेतली, सहा महिने रविवारी घासली, बुजवली, रंगवली, तिच्यावर अठरा फुटांची सागाची डोलकाठी उभी केली आणि शीड लावून ती डोंबिवलीच्या खाडीकाठी आणून बांधली. डोलकाठीच्या टोकातून पावसाचं पाणी झिरपून लाकूड कुजू नये म्हणून त्यावर वन्संच्या रुखवतातली पितळी वाटी उपडी ठोकली. वन्संना हे आठ दिवसांनी कळलं, आमटी वाढताना.

आता कुणीही शहाणा माणूस पुलाजवळ आला की डोलकाठी उतरवतो, खालून जातो आणि पलीकडे परत उभी करतो. भावजींना हे पटत नसे. "काठी उतरवून तर म्हैससुद्धा जाईल पुलाखालून," ते म्हणायचे. "मग मोजायचं कशाला?" मोजण्यात त्यांचा जीव होता. त्यांचं म्हणणं असं, की पूल बिचारा जागचा हलत नाही, वरखाली होतं ते पाणी. त्यामुळे पुलाची उंची विचारणाऱ्याला ते उलट विचारत, "किती वाजताची?" भरती-ओहोटीचं गणित ते पंचांगावरून करत. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ आली, आणि तिच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. कोळ्यांचा हा हिशेब मावशींकडून मिळाल्यापासून त्यांच्या लेखी पंचांगाला दुसरा काही उपयोग उरला नाही. घरात सत्यनारायणाची पूजा होती. गुरुजींनी संकल्प सांगताना तिथी उच्चारली, "चतुर्थ्यां तिथौ", तर पाटावर बसलेले भावजी मान डोलवून म्हणाले, "तीन वाजता." गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, यजमान आरतीची वेळ सांगताहेत.

हे मोजण्याचं वेड होडीपुरतं राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण भावजी दारातून आत येतानासुद्धा आधी चौकटीकडे बघतात, मग घरातल्यांकडे. माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून वाजतगाजत आले, तर भावजी हॉलच्या कमानीखाली हात आडवे करून उभे. "घोड्यासकट चालेल, फेट्यासकट चालेल, तुऱ्यासकट दोन इंच कमी पडेल!" व्याही म्हणाले, "अहो, शुभकार्यात काय मोजता?" बँडवाले पुढे झाले, घोडा पुढे झाला आणि तुरा कमानीच्या झेंडूच्या तोरणात असा अडकला, की माझा जावई लग्नमंडपात बोडक्या डोक्याने शिरला आणि फेटा बाहेर तोरणाला लोंबकळत राहिला. तो उतरवायला शिडीच लागली. तेव्हापासून आमच्या आळीतलं गणपती मंडळ मूर्ती ठरवायच्या आधी भावजींना विचारतं. मिरवणुकीत ते हातात बांबू घेऊन सगळ्यांच्या पुढे चालतात, वायर आली की थांबतात, वर बघतात आणि म्हणतात, "या, बाप्पा." ढोलताशेवाली मुलं त्यांच्या या दोन शब्दांसाठी श्वास रोखून थांबतात.

भावजींचा एक सिद्धान्त आहे, तो मात्र मी स्वतः अनुभवलाय. होडीत बसून तुम्ही पुलाजवळ जायला लागलात, की कितीही जागा असली तरी काठी पुलाला आपटणारच असं दिसतं. अगदी शेवटच्या क्षणापर्यंत तसंच दिसतं. आपण खाली बसलेलो असतो, काठी डोक्याशी असते, पूल लांब असतो, आणि डोळा फसतो. "डोळा हा अत्यंत खोटारडा अवयव आहे," भावजी सांगत. "माप घ्या आणि मापावर विश्वास ठेवून गप्प बसा." पण माणसं गप्प बसत नाहीत. पूल आला की होडीतला एकूण एक माणूस मान खाली घालून वाकतो. पूल अठरा फुटांच्याही वर, माणूस बसलेला, तरी वाकतो. भावजी सुकाणूपाशी ताठ बसून वर काठीच्या टोकाकडे बघत असायचे आणि खेकसायचे, "तुम्ही का वाकताय? तुमच्या डोक्यावर वाटी ठोकलीय का?"

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती पुढे उपयोगी पडणार आहे. भावजींनी आयुष्यात कधी चूक कबूल केलेली नाही. एकदा कल्याणच्या डेपोतून त्यांना भिवंडीला जायचं होतं. बोलण्याच्या नादात मुरबाडच्या एसटीत बसले. कुणीही मधे उतरलं असतं. भावजी मुरबाडला गेले, तिथे जेवले, दोन किलो वाल घेतले आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "मुरबाडचे वाल फार दिवस खाल्ले नव्हते." त्यांनी भिंतीवर टांगलेलं घड्याळ तिरकं असलं तर भिंत तिरकी असते. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर "घशाला बरं असतं." वन्सं लग्न झाल्यापासून अशा तिरक्या भिंतींच्या घरात राहतायत आणि सुखाने राहतायत.

आता येते मी. म्हणजे आत्ताची नव्हे, पंचवीस वर्षांपूर्वीची. त्या बाईची ओळख करून द्यायला मला थोडी लाजच वाटते. सेहेचाळीस वर्षांची, डोंबिवलीतल्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवणारी, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणारी आणि जगातल्या प्रत्येक माणसाच्या उत्तरात एक तरी पायरी राहिलेली असते अशी ठाम समजूत असलेली. मुलं तिला 'कंपास' म्हणायची. तिला वाटायचं, टोकदार बुद्धीमुळे म्हणत असतील. तर या कंपासबाईंना भावजींचं ते अंदाजपंचे मोजमाप सहन होईना. एके दिवशी त्या कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला खोडरबर बांधून खाडीच्या काठावर उभ्या राहिल्या, त्रिकोणमिती लावली, वाटेतल्या जुन्या पुलाची उंची काढली, आणि ती भावजींच्या मापापेक्षा फक्त दोन इंचांनी वेगळी आली. झालं! भावजींना कोण आनंद. घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्या वेडात सामील झालं होतं. म्हणाले, "वहिनी, या वेळची वेळ तुम्ही काढा. मी बघणारसुद्धा नाही. गणिताच्या बाईंनी काढलेली वेळ, म्हणजे काय!"

ही वेळ साधीसुधी नव्हती. वन्सं पहिल्यांदा होडीत बसणार होत्या. वन्संना पाण्याची मनस्वी भीती. होडी येऊन चार वर्षं झाली तरी त्या कधी काठाच्या पुढे गेल्या नव्हत्या. भावजींनी मात्र पहिल्या दिवसापासून पुढच्या फळीवर त्यांच्यासाठी निळी उशी बांधून ठेवली होती. तिथे दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. "ती हिची जागा." किती विनवण्या झाल्या तेव्हा वन्सं एकदाच्या कबूल झाल्या, डोंबिवलीहून कोलशेतपर्यंत. त्यांची अट एकच: "काठी कुठे टेकता कामा नये."

ठरला तो दिवस वद्य तृतीयेचा. तीन त्रिक नऊ, भागिले चार, सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठला ओहोटी. आणि पंचांगाच्या पानावर भावजींच्या हस्ताक्षरात, त्यांच्या सूत्राच्या शेपटाला, लिहिलेलं होतं: अधिक दोन तास. हे कशासाठी? मी पूर्वी विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "हा हिशेब समुद्रावरचा आहे. पाणी आपल्याकडे चालत येतं, वहिनी, फास्ट लोकल नाही पकडत. जातानाही चालतच जातं." आता याला काय पायरी आहे? सिद्धता आहे? ठाण्याला काय वेगळा चंद्र उगवतो? कंपासबाईंनी लाल पेन काढलं, 'अधिक दोन तास' वर काट मारली, समासात लिहिलं, 'आधार काय?' आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. सव्वाआठ.

सकाळ सुंदर होती. मागून हलका वारा, ओहोटीचं पाणी आपणहून कोलशेतच्या दिशेला ओढत होतं. वन्सं निळ्या उशीवर दोन्ही हातांनी फळी धरून बसलेल्या. तिवरांच्या झाडीची दोन वळणं गेल्यावर त्यांनी एक हात सोडला. मग एक पांढरा बगळा दिसला तेव्हा दुसरा. भावजींनी मला डोळ्यांनी खूण केली, "बघा." बरोबर सव्वाआठला जुना पूल समोर आला. काठी आपटणार असं दिसायला लागलं, मी मनात म्हटलं, डोळा खोटारडा आहे, आणि ऐटीत ताठ बसले. तेवढ्यात भावजी फार हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दोन तास मिळवलेत ना?"

मी थालीपिठाच्या डब्याचं झाकण नीट लागलंय का ते बघायला लागले.

मावशींनी भावजींना फार पूर्वी एक साधी खूण सांगितली होती: "दादा, कागदान काय बगतंस? खांबाव बग. कालवां उगरी परली का बिंदास जा." पुलाच्या खांबांना शिंपल्यांसारखी कालवं चिकटलेली असतात, पाणी उतरून ती उघडी पडली की खालून जायला जागा आहे. मी खांबाकडे पाहिलं. खांब गुळगुळीत होता. कालवं पाण्याखाली होती. भावजींनी शीड उतरवलं, उलटं वल्हं मारलं, पण ओहोटी होडीला ओढत पुलाखाली घेऊन गेली. वर 'कडाक्' असा आवाज झाला, डोलकाठीचं वीतभर टोक मोडलं, आणि पितळी वाटी ठणठणत खाली येऊन वन्संच्या पायाशी फिरत राहिली. काठी पुलाच्या पोटात रुतून बसली. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. भावजींनी होडी खांबाला बांधली आणि म्हणाले, "पाणी उतरेल. बसू."

आम्ही बसलो. थालीपीठं खाल्ली, म्हणजे मी खाल्ली, बोलावं लागू नये म्हणून. वरून कुणीतरी श्रद्धेने निर्माल्याची पिशवी खाडीत सोडली, ती वाऱ्याने आत वळून माझ्या डोक्यावर फुटली. केसांत झेंडू, कानात बेल, अंगावर हळदकुंकू अशा थाटात सेहेचाळीस वर्षांची गणिताची बाई पुलाखाली बसली होती. वन्संनी वाटी उचलून पदराने पुसली. तिला एक पोचा आला होता. मग त्यांनी विचारलं, "चूक कुणाची?"

मी घास गिळत होते. घास काही तेवढा मोठा नव्हता. पण मी तो गिळायच्या आत भावजी म्हणाले, "माझी. दोन तास मिळवायला विसरलो."

खांबावर कालवांची रेघ हळूहळू वर येत गेली आणि सव्वादहाला, अगदी ठोक्याला, काठी मोकळी झाली. भावजींनी घड्याळ पाहिलं. मी त्यांना घड्याळ बघताना पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी या माणसाने पुलाखाली भाषण ठोकलं असतं. त्या दिवशी त्याने नुसता खांबाचा दोर सोडला. मोडक्या काठीनिशी आम्ही कोलशेतला लागलो. वन्सं उतरल्या, "या होडीत मी पुन्हा पाय ठेवायची नाही" म्हणाल्या आणि रिक्षा करून घरी गेल्या.

त्यानंतर पंचवीस वर्षं आमच्या घराण्यात भावजींची चेष्टा झाली. मुंज असो, बारसं असो, कुणीतरी म्हणणारच, "भावजी, आज किती तास विसरलात?" भावजी हसायचे. पितळी वाटी वन्संच्या ओट्यावर मीठ घालून ठेवलेली असायची आणि मला त्या घरची भाजी कायम खारट लागायची. दरवर्षी भावजी होडी रंगवायचे, उशीला नवा निळा अभ्रा घालायचे, वन्संना विचारायचे. वन्सं म्हणायच्या, "बघू." मी? मी दहावीच्या मुलांना 'उत्तर चुकलं तरी पायऱ्या प्रामाणिक हव्यात' असं सांगत सन्मानाने निवृत्त झाले.

गेल्या वर्षी भावजींच्या मानेचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आणि वर बघायला बंदी केली. पूल बघणाऱ्या माणसाला वर बघायची बंदी! भावजींनी ठरवलं, होडी मावशींच्या घरी परत द्यायची, शिडासकट. एकदाच ती कोलशेतला न्यायची आणि संपवायचं. हे कळल्यावर मी तडक वन्संकडे गेले. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मीही समोर बसून जुडी ओढली आणि देठांकडे बघत म्हटलं, "वन्सं, ती चूक भावजींची नव्हती. दोन तास मी खोडले होते. लाल पेनाने."

वन्सं मान वर न करता म्हणाल्या, "माहीत आहे मला."

"भावजींनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतायत! अगं, मुरबाडला जाऊन आला तरी 'चुकलो' म्हणाला नाही हा माणूस. आणि त्या दिवशी मी विचारायचा अवकाश, 'माझी'! तेव्हाच समजले, चूक याची नाही. मग उरलं कोण? तुझ्या तोंडात तर थालीपीठ कोंबलेलं."

"मग पंचवीस वर्षं होडीत का नाही बसलात?"

"म्हटलं, बघू कधी बोलतेस. गणिताची बाई तू, दोन तास मिळवायला पंचवीस वर्षं लावलीस." मग चार काड्या निवडून झाल्यावर म्हणाल्या, "आणि खरं सांगू? पाण्याची भीतीही वाटते गं. तुझं निमित्त बरं होतं."

भावजींपुढेही मी सगळं ओकून टाकलं. त्यांनी हात झटकला. "कसली परत मागताय? ती चूक आता माझी आहे. पंचवीस वर्षं वापरलीय." आणि पंचांग माझ्यापुढे सरकवलं. "काढा वेळ."

पुन्हा वद्य तृतीयाच धरली. सव्वाआठ अधिक दोन तास, सव्वादहा. दोनदा तपासलं, खाली रेघा ओढल्या नाहीत. सकाळी काठावर वन्सं आल्या त्या पिशवीत वाटी घेऊन. मीठ धुऊन, चिंचेने घासून चकचकीत केलेली. भावजींनी काठी आडवी केली, पोचा आलेली वाटी टोकावर ठोकली आणि काठी पुन्हा उभी केली. एवढ्यात चारदा नाक पुसलं, ते खाडीवरच्या वाऱ्यामुळे. वन्सं निळ्या उशीवर बसल्या. या वेळी फळी धरायला त्यांनी एकच हात वापरला. सुकाणू भावजींकडे, थालीपीठं माझ्याकडे.

जुना पूल आला. आता त्याच्या शेजारी नवे, उंच पूल झालेत, त्यांच्याखालून बोट काय, बंगला जाईल. भावजींनी होडी जुन्याच्या खाली घातली. खांबांवर कालवं उघडी पडली होती, पांढुरकी, ओली. काठी आपटणार असं दिसायला लागलं. मी सवयीने मान खाली घातली. वन्सं वाकल्या नाहीत. ताठ बसल्या होत्या, भावजींकडे तोंड करून. आणि भावजी वर बघत नव्हते. ते वन्संकडे बघत होते. मानेला पट्टा होता म्हणून वर बघता आलं नाही, असं ते नंतर सगळ्यांना सांगतात. पट्टा माझ्या पिशवीत होता, थालीपिठांच्या डब्याखाली.

कुणीतरी वर बघायला हवं म्हणून मग मीच पाहिलं. पितळी वाटी पुलाच्या पोटाखालून सरकत होती आणि दोघांच्या मधे वीतभर उजेड होता, थोडा जास्तच. किती राहिलं, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.